पत्रकात नसलेलं

फोन मी उचलते. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच.
डुलुथ शहर, हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला.
"कोणाकडे वेळ हवीय?" असं विचारायचं,
आणि पलीकडून नाव आलं नाही
तर पत्रक वाचून दाखवायचं.
पत्रक मीच टाइप केलंय. त्यात आहे ते सगळं खरं,
आणि बरंच काही त्यात नाही.

मार्लिस होकान्सन. आघात, आणि झोप न येणं.
एकोणीस वर्षं तिनं आणीबाणीचे फोन घेतले.
"गाडी निघालीय, तुम्ही बोलत राहा"
हे वाक्य तिच्या जिभेवर घट्ट्यासारखं राहिलंय.
दारावरची टकटक तिला सोसते, घंटा सोसत नाही.
म्हणून तिच्या खोलीत फोन नाही,
निरोप मी चिठ्ठीवर नेते.

तोइवो रांताला. व्यसनं.
गोदीत वेल्डर होता. एक्केचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेला,
लेकाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून
संख्याशास्त्रात दोनदा आपटला.
भिंतीवर पदवी आहे,
आणि तिच्याखाली खिळ्याला वेल्डिंगचा काळवंडलेला मुखवटा.
लोक आधी मुखवट्याकडे बघतात.

माई न्हिया वांग. मुलं, आणि मुलांचे आईबाप.
आठव्या वर्षी ती इस्पितळात आईची दुभाषी होती.
गाठ. पसरलीय. किती महिने.
पाढ्यांच्या आधी हे शिकली.
एक शब्द तिनं त्या दिवशी आईपर्यंत पोचवलाच नाही.
कोणता, ते मी विचारलेलं नाही.
पत्रकात एवढंच: सेवा दोन भाषांत उपलब्ध.

डेलोरेस बेलांजर. वियोग.
तीस वर्षं परिचारिका, बहुतेक रात्रपाळी.
माणूस गेल्यावर नातेवाईक येईपर्यंत
खुर्ची ओढून शेजारी बसायची.
कोणी सांगितलं नव्हतं.
आताही फार बोलत नाही.

नोव्हेंबरात एक फोन आला.
चौघांचं वाचून झालं तरी पलीकडे नुसता श्वास.
मग बाईमाणसाचा आवाज, घसा साफ करून:
"ज्याच्या खिडकीतून सरोवर दिसत नाही
असं कोण आहे तुमच्याकडे?"

पत्रकाची पहिलीच ओळ माझ्या हातची:
प्रत्येक खोलीतून सरोवराचं शांत दर्शन.
त्या दर्शनाचं भाडं आम्ही दरमहा जास्त भरतो.

कोण, केव्हा, कुठली बोट,
हे या गावात नोव्हेंबरात कोणी विचारत नाही.
मी म्हटलं, "थांबा हं."
होल्डवर नाही टाकलं, तिथे लाटांचं संगीत लागतं.
रिसीव्हरवर तळवा दाबून धरला.

डेलोरेस कॉफीला बाहेर आली होती.
तिला सांगितलं.
तिनं कप माझ्या टेबलावर ठेवला, माझ्याच कागदांवर,
आणि अडगळीच्या खोलीचं दार उघडलं.
फायलींची कपाटं, व्हॅक्यूम, खोक्यातलं नाताळचं झाड,
आणि मागे एक खिडकी,
तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.
"दोन खुर्च्या मावतील," ती म्हणाली.
मावत नव्हत्या.
तोइवोनं कपाटाला खांदा लावला,
फरशीवर ओरखडा उठला, तो अजून आहे.
मग मावल्या.

"गुरुवारी अकरा वाजता," मी फोनमध्ये म्हटलं.
"भिंत दिसेल. विटांची."
"चालेल." मग बराच वेळ काही नाही. मग:
"किती विटा आहेत?"

ती मस्करी करत नव्हती.
"मोजून सांगते," मी म्हटलं.

आज बुधवार. सगळे घरी गेलेत.
मी पेशंटच्या खुर्चीत बसून मोजल्या,
खिडकीत दिसतात तेवढ्याच:
दोनशे चौदा.
डावीकडे खाली एक फुटकी आहे.
तेही सांगेन.